स्पॅनिशभाषकांना नोकरीचं इंग्रजी शिकवताना

मेक्सिको, कोलंबिया किंवा स्पेनमधला विद्यार्थी मुलाखतीच्या तयारीसाठी आला, की नवा ऑनलाइन शिक्षक व्यवसायांच्या नावांची लांबलचक यादी काढतो. ती बाजूला ठेवा. 'दोक्तोर', 'आक्तोर' हे शब्द त्याच्या भाषेत आहेतच. तिथे फक्त जोर बदलायचा असतो: स्पॅनिशमध्ये तो शेवटच्या अक्षरावर येतो, इंग्रजीत पहिल्या. खऱ्या चुका वेगळ्याच ठिकाणी होतात, आणि मराठी शिक्षकासाठी त्या दोन प्रकारच्या असतात. काही कानाला लगेच खटकतात. काही खटकतच नाहीत, कारण त्या आपल्याही असतात.

खटकणाऱ्या आधी घेऊ. स्वयंपाक करणारा तो 'कुकर', असा त्याचा तर्क असतो, कारण 'कोसिनेरो'मधल्या 'एरो'चं इंग्रजीत बहुतेकदा 'अर' होतं: 'कार्पिंतेरो'चं कार्पेंटर, 'बांकेरो'चं बँकर. इंग्रजीत माणूस कुक, आणि कुकर हे उपकरण. 'इस्ता'चं 'इस्ट' होतं, जसं डेंटिस्ट, पण 'एलेक्त्रिसिस्ता'चं इलेक्ट्रिशियन. 'मूसिको' आणि 'पोलीतिको' यांचा शेवटचा स्वर गाळून विद्यार्थी 'आय अ‍ॅम म्युझिक' म्हणतो. तिथे म्युझिशियन आणि पॉलिटिशियन हवं. नियम सांगा, पण अपवाद त्याच तासाला द्या. नुसता नियम दिला तर चुका वाढतात.

सर्वात जास्त वेळ शिक्षणाच्या शब्दांना द्या, कारण तिथली चूक अर्जात छापली जाते. 'कारेरा' म्हणजे करिअर, तसाच पदवीचा अभ्यासक्रमही. म्हणून विद्यार्थी सहज लिहितो, 'आय फिनिश्ड माय करिअर इन २०१९'. त्याला म्हणायचं असतं पदवी पूर्ण केली. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस निवृत्त झाला. 'बाचियेरातो' याहून घातक. स्पेनमध्ये ती विद्यापीठाआधीची दोन वर्षं, साधारण आपल्या अकरावी-बारावीसारखी. त्याचं 'बॅचलर्स' केलं, तर नसलेल्या पदवीचा दावा होतो. मेक्सिकोत पदवीला 'लिसेंसिआतुरा' म्हणतात, तेच बॅचलर्स डिग्री. 'कोलेहियो' म्हणजे शाळा, कॉलेज नव्हे. 'आक्तुआलमेंते' म्हणजे सध्या. विद्यार्थी 'अ‍ॅक्च्युअली' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा 'करंटली' म्हणायचं असतं. स्पेनमध्ये सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांना 'ओपोसिसिओनेस' म्हणतात, त्यांचं 'अपोझिशन्स' होऊ देऊ नका. एमपीएससीची तयारी आसपास पाहिलेल्या शिक्षकाला हा विषय समजून घेणं सोपं जातं.

आता न खटकणाऱ्या. 'आय अ‍ॅम इंजिनिअर': स्पॅनिशमध्ये व्यवसायाआधी उपपद लागत नाही आणि मराठीत उपपदच नाही, त्यामुळे 'अ‍ॅन' गळलेलं दोघांनाही कळत नाही. 'सिन्स फाइव्ह इयर्स': आपलं 'पाच वर्षांपासून' आणि त्याचं 'देस्दे आसे सिंको आन्योस' एकाच साच्याचे. इंग्रजीत 'फॉर फाइव्ह इयर्स', आणि क्रियापद 'हॅव वर्क्ड'. तो 'प्रोफेसर' म्हणतो तेव्हा बहुधा शाळेतला शिक्षक असतो; आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकालाही प्रोफेसर म्हणतात, म्हणून आपण थांबवत नाही. 'कोंदुक्तोर' म्हणजे चालक. विद्यार्थी 'कंडक्टर' म्हणाला की आपल्याला एसटी दिसते आणि चूक तशीच निघून जाते. उच्चारात तो 'व्हेट'चं 'बेट' करतो, आणि आपण 'व्हेट' व 'वेट' एकाच व-ने उच्चारतो. खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो का, हे कॅमेऱ्यात दोघांनीही तपासावं.

आपले देशी शब्दही त्याच्या तोंडी देऊ नका. 'फ्रेशर' ब्रिटनमध्ये विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असतो. 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडला, 'ग्रॅज्युएटेड' शिकवा.

पगाराचे आकडे वेगळ्या तासाला घ्या. स्पेन, अर्जेंटिना, कोलंबियात दशांशाला स्वल्पविराम वापरतात, मेक्सिकोत टिंब. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी, इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. हिशेबाच्या नोकरीत हा हजारपटीचा फरक फार महागात पडतो. स्पेनमध्ये वार्षिक पगार बऱ्याचदा चौदा हप्त्यांत मिळतो, त्यामुळे मासिक आकडा विचारल्यावर वर्षाच्या रकमेला बारा की चौदाने भागायचं, हे आधी ठरवा. मेक्सिकोतलं 'आगिनाल्दो', म्हणजे वर्षअखेरीचा बोनस, कायद्याने किमान पंधरा दिवसांच्या पगाराइतकं असतं. त्याला नुसतं 'बोनस' म्हटलं तर मालकाच्या मर्जीवरची रक्कम वाटते. 'मँडेटरी इयर-एंड बोनस' म्हणावं.

तासाची आखणी साधी ठेवा. आधी देश विचारा: वेटर स्पेनमध्ये 'कामारेरो', मेक्सिकोत 'मेसेरो', अर्जेंटिनात 'मोसो'. मग विद्यार्थ्याला हवी असलेली खरी जाहिरात मागवा आणि तिच्यातले आठ-दहा शब्दच निवडा. प्रत्येक शब्द त्याच्याच कामाबद्दलच्या पूर्ण वाक्यात बोलून घ्या, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. तास संपल्यावर रेकॉर्डिंग दोनदा ऐका: एकदा त्याच्या चुकांसाठी, आणि दुसऱ्यांदा फक्त 'अ', 'अ‍ॅन', 'सिन्स' आणि 'व्ह' यांच्यासाठी.