'चिरणे' कुठे वापरावं, कुठे नाही

सून बंगळुरूची. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात पर्स खांद्याला लावून म्हणाली, "आई, मी केस चिरून येते." मी विळीवरून पडायचीच राहिले. तिची तरी काय चूक? माझ्या स्वयंपाकघरात दिवसातून दहादा 'चिर' ऐकायची, तिने तेच उचललं. तेव्हा तिला जे समजावलं, ते इथे लिहिते.

आधी धार कशी चालते ते बघायचं. चिरताना ती एका रेषेत आत शिरते आणि फट पडते. भरल्या वांग्याला आपण देठ राखून चिरा देतो. वांगं उघडतं, पण सुटं होत नाही. शब्दाचं मूळ असंच आहे. संस्कृतात 'चीर' म्हणजे सालीची नाहीतर कापडाची लांब पट्टी. हिंदीतलं 'चीरना', गुजरातीतलं 'चीरवुं' ही आपल्या 'चिरणे'ची भावंडं. वखारीत ओंडका उभा चिरून फळ्या काढतात. झाड मात्र तोडतात आणि सरपण फोडतात.

स्वयंपाकघरात हा नियम थोडा लंगडतो. भेंडीच्या गोल चकत्या केल्या तरी भेंडी चिरलीच म्हणायचं. कांदा, पालक, कोबीही चिरायचा. पण लोणच्याची कैरी फोडतात, सुपारी अडकित्त्याने कातरतात, गवार हातानेच मोडतात, मासे कापतात. नारळ फोडतात, आणि तोच देवापुढे असला तर 'वाढवतात'. तिथे फोडण्याचं नाव काढायचं नाही. "का?" असं सुनेने प्रत्येकाला विचारलं. काहींना कारण आहे, काही नुसती पाठ करायची. केस आणि कापड कापायचं, एवढं तरी तिने त्याच दिवशी पाठ केलं.

लिहिताना 'भाजी चीर' यात ची दीर्घ, 'भाजी चिरली' यात चि ऱ्हस्व. 'कीस' आणि 'किसणे', 'पीळ' आणि 'पिळणे' यांचंही तसंच. 'चिरंजीव', 'चिरंतन' यांचा सुरीशी काही संबंध नाही; त्यांतला 'चिर' म्हणजे दीर्घकाळ.

बोलण्यात हे क्रियापद सुरीवाचूनही चालतं. काळोख चिरत गाडी जाते, कुणाचं बोलणं काळीज चिरतं. अशा वेळी 'कापत' म्हटलं की वाक्यातली धारच जाते.

आता खरी गोम. 'चीर' स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन 'चिरा': टाचांना चिरा पडल्या. पण आमच्या कोकणात 'चिरा' म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, पुल्लिंगी, अनेकवचन 'चिरे'. खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. 'चिरेबंदी' हा शब्द त्याच चिऱ्यावरून.

परवा थंडीत सून पाय पुढे करून म्हणाली, "आई, टाचांना चिरे पडलेत."

म्हटलं, "मोजून ठेव गं, मागच्या पडवीला तेवढेच कमी पडतायत."