गॅस जातो कुठं?

आयटीआयला मोटर मेकॅनिक करून परभणीत एका गॅरेजवर लागलो, तेव्हा एसीचं मला एकच काम यायचं, गॅस भरायचं. मार्च लागला की गाड्यांची रांग. दाब दाखवणारं गेज लावायचं, गॅस सोडायचा, हवा गार लागली की पैसे घ्यायचे. महिन्याभरात तीच गाडी दारात. "काय रे, गाडी गॅस खाती का काय?" गिऱ्हाईक हसायचं, मी पुन्हा भरायचो.

गाडी गॅस खात नाही. पेट्रोल जळून जातं, पण एसीतला आर-१३४ए हा गॅस तोच तो फिरत राहतो. रबरी पाइपातून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते सोडा. एका उन्हाळ्यात संपला तर कुठंतरी वाट आहे, आणि ती शोधणं हेच खरं काम.

सुरुवात डोळ्यांनी करा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, तेलही बाहेर येतं आणि त्यावर आपल्याकडची काळी धूळ चिकटते. जॉइंटवर, कॉम्प्रेसरच्या पुलीमागं किंवा गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर तेलकट डाग दिसला तर निम्मा शोध संपला. म्हणून तपासायच्या आधी गाडी धुऊ नका. मी एकदा चकाचक धुतली होती, उस्ताद दिवसभर बोलले नाहीत. कंडेन्सर सगळ्यात पुढं, त्यामुळं रस्त्यावरची खडी पहिल्यांदा त्यालाच लागते. गॅस भरायच्या तोंडातली पिनही बघा. साबणाचा फेस लावून कळतं, आणि पिन बदलायला फार खर्च येत नाही.

गेजवर फार भरवसा ठेवू नका. बंद गाडीत आत थोडाही द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब तापमानाप्रमाणं दिसतो. अर्धी रिकामी गाडीही भरल्यासारखीच वाटते. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, वजनकाट्यावर मोजूनच भरा.

पण मला खरं फसवलं ते व्हॅक्यूमनं. नांदेडला रोज ये-जा करणाऱ्या एका मामांची गाडी तिसऱ्यांदा आली होती. दर वेळी पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचो, पंप बंद करून अर्धा तास थांबायचो, गेजची सुई हलायची नाही, मी बिनधास्त गॅस भरायचो. उस्तादांनी विचारलं, "व्हॅक्यूम किती ओढतो?" जास्तीत जास्त १५ पीएसआय (दाबाचं माप), तेही बाहेरून आत. चालू एसीच्या हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, २०० च्या वर दाब असतो, आतून बाहेर. बारीक छिद्र व्हॅक्यूमला दाद देत नाही.

मग आतून दाब देऊन बघायला नायट्रोजन लावला, १५० पीएसआय. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत जवळपास तेवढा दाब तसाही असतो. दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरशिवाय मात्र सिलिंडरला हात लावू नका, भरलेल्या सिलिंडरमध्ये २००० पीएसआयच्या वर असतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. टायरवाल्याची हवाही नको, ओल आत जाते. सकाळी येऊन पाहिलं तर दाब उतरलेला. बाहेरच्या सगळ्या जॉइंटला फेस लावला, एक बुडबुडा नाही.

राहिली डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. नायट्रोजन डिटेक्टरला, म्हणजे गॅस हुंगणाऱ्या यंत्राला, कळत नाही, म्हणून तो सोडून, व्हॅक्यूम करून थोडा गॅस भरला, एसी चालवून बंद केला आणि पंधरा मिनिटं थांबलो. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. म्हणून डिटेक्टर नेहमी जॉइंटच्या खालून फिरवायचा. पाणी गळायच्या नळीच्या तोंडाशी त्याचं टोक धरलं, पाण्याला न लावता. टीटीटी सुरू झालं.

मामा कुरकुरले. "नुसतं शोधायचे पैसे?" हे तुम्हालाही ऐकावं लागेल. गाडी आत घ्यायच्या आधीच शोधायची मजुरी वेगळी सांगा, नंतर सांगितलं की भांडण.

डॅशबोर्ड उघडायला अख्खा दिवस गेला. कॉइलचा खालचा कोपरा तेलानं काळा झाला होता. नवी बसवली, पुन्हा नायट्रोजन लावून बघितला, रात्री सगळं जोडलं, तर माझ्या हातात दोन स्क्रू उरले. उस्तादांनी ते बघितले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उघड परत."