जाड सोलचे बूट आणि सरकणारी टाच: माझा अनुभव

मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटवर सराव करताना अंतर वाढले की माझ्या नडग्या दुखू लागत, म्हणून मी जाड फोमचे बूट घेतले. दुखणे कमी झाले; मात्र टाच आत सरकू लागली आणि पेडर रोडचा उतार उतरताना बोटे पुढे आदळू लागली.

उपाय नाडीत सापडला. बहुतेक जण रिकामे सोडतात त्या सर्वांत वरच्या छिद्रातून नाडी त्याच बाजूला परत ओवून लहानसा फासा ठेवायचा, समोरची नाडी त्यातून काढायची आणि टाच मागे नीट टेकवून मगच आवळायची. त्यामुळे टाच घट्ट बसते, आणि लांब धावेत पाय फुगतात तेव्हा पंजावरची नाडी सैल ठेवता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

बूट संध्याकाळी, धावण्याचेच मोजे घालून निवडावेत. सोल जितका जाड तितका चांगला, असे मात्र नाही: रस्त्यावरील शर्यतींसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्स या ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेची मर्यादा ४० मिलिमीटर आहे, आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर माझा घोटा त्याहून बऱ्याच कमी जाडीतच स्थिर राहतो.