डेटा वेअरहाउसमध्ये डिलीट चालवताय? या चुका टाळा

डेटा वेअरहाउस म्हणजे विश्लेषणासाठीचा मोठा डेटासाठा. तो स्नोफ्लेकवर असो, बिगक्वेरीवर असो की रेडशिफ्टवर, डेटा उडवताना लोक त्याच त्या चुका करतात. त्यात ‘व्हेअर (कुठल्या ओळी उडवायच्या ती अट) लावला की झालं’ ही समजूत सगळ्यात घातक.

स्नोफ्लेक वापरणाऱ्या एका कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी, निघायच्या घाईत, एका नव्या मुलाने बंद ग्राहकांच्या ऑर्डरी काढायला घेतल्या. ऑर्डर्सच्या टेबलात कॉलम होता ‘कस्टमर_आयडी’, बंद ग्राहकांच्या यादीत ‘कस्ट_आयडी’. त्याने व्हेअरमध्ये ती यादी वाचणाऱ्या आतल्या सिलेक्टमध्येही (म्हणजे सबक्वेरीत) ‘कस्टमर_आयडी’च लिहिलं. यादीत असा कॉलमच नाही, तर एरर यायला हवी ना? येत नाही. आत नाव सापडलं नाही की एसक्यूएल ते बाहेरच्या टेबलात शोधतं. मग प्रत्येक आयडी स्वतःशीच ताडला जातो आणि नल (रिकामा आयडी) नसलेली एकूण एक ओळ उडते. व्हेअर असूनही टेबल साफ!

सोमवारी रिपोर्ट कोरे दिसले तेव्हा मला बोलावलं. टाइम ट्रॅव्हलची (स्नोफ्लेकमध्ये जुना डेटा स्वतः परत मिळवायची सोय) मुदत डीफॉल्टवरच, म्हणजे 1 दिवस. ती केव्हाच उलटली होती. टेबल ट्रान्झियंट (फेल-सेफ नसलेलं तात्पुरतं) नव्हतं म्हणून डेटा पुढचे 7 दिवस फेल-सेफमध्ये, म्हणजे शेवटच्या राखीव साठ्यात, होता, पण तिथे आपला हात पोचत नाही; स्नोफ्लेकच्या सपोर्टकडेच मागावा लागतो. डेटा परत आला, पण तोवर सगळी टीम ताटकळली. ‘टाइम ट्रॅव्हल आहे ना’ म्हणून बेफिकीर राहणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

मी सबक्वेरीत प्रत्येक कॉलमला एलियस (टेबलाचं छोटं नाव) लावतेच; यादीला ‘ब’ म्हणून ‘ब.कस्टमर_आयडी’ लिहिलं असतं तर तिथेच एरर आली असती. आधी तोच व्हेअर लावून काउंट काढते आणि टेबलाच्या एकूण ओळींशी ताडते. मग टेबलाचा क्लोन. त्यात डेटाची दुसरी प्रत बनत नाही, त्यामुळे वेळ नाही हे कारण मी ऐकून घेत नाही. डिलीट बिगिन आणि कमिटच्या मध्ये (हेच ट्रान्झॅक्शन), आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का.

‘नॉट इन’च्या (यादीत नसलेल्या ओळी निवडणारी अट) यादीत एक जरी नल असला तरी काहीच डिलीट होत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

‘कालचा डेटा’ काढताना टाइमझोन बघा. बिगक्वेरीत आजची तारीख डीफॉल्टने यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे.

आणि रेडशिफ्टमध्ये ट्रंकेट (अख्खं टेबल एकदम रिकामं करणारी आज्ञा) लगेच कमिट होतं. ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं तरी रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, मिळणार नाही.