जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ बदलायची? आधी एवढं जमवून ठेवा

मूठ निवडायला बसण्याआधी परवाना काढून समोर ठेवा. "अहो, साठ-सत्तर वर्षांचं आहे, आता अँटिकच झालं की" असं म्हणणारे मुंबईत पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांचं चुकतं. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. तुमचं चालत असेल तर त्याचं वय कायद्याच्या दृष्टीने शून्य. मुदत तपासा, परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आजोबांच्या नावावरून अजून हललंच नसेल तर पोलीस आयुक्तालयातलं वारसाचं काम आधी, मूठ मागाहून. तसंच .380 किंवा .455 ची काडतुसं घेणारं रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापात, मोडतं. म्हणून आपल्याकडे घरोघरी जे जुनं सापडतं ते बहुधा .32 असतं. पुढचं सगळं त्यालाच धरून लिहितोय.

मग रिकामं करा. वेब्ली कंपनीची रिव्हॉल्व्हर मधोमध मोडते, बाजूची कळ अंगठ्याने दाबून नळी खाली वाकवायची. स्मिथ अँड वेसनची कळ पुढे ढकलायची, कोल्टची मागे ओढायची, की सिलिंडर (काडतुसांच्या घरांचा गोल भाग) डावीकडे बाहेर येतो. प्रत्येक घर डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हा सोपस्कार दर वेळी, अगदी चहा प्यायला उठून परत बसलात तरीही.

आता ओळख पटवा, कारण नव्वद टक्के पैसे इथेच वाया जातात (आकडा माझा, अनुभवाच्या अंदाजाने). नुसतं "जुनी स्मिथ" म्हणून भागत नाही. .32 ची स्मिथ लहान 'आय' फ्रेमची (फ्रेम म्हणजे हत्याराचा लोखंडी सांगाडा) असते आणि आज बाजारात सहज मिळणारी मूठ असते 'जे' फ्रेमची. दोघी बहिणी दिसतात, पण एकीचं पोलकं दुसरीला जसंच्या तसं होईलच असं नाही. दस्त्याचा तळ गोल आहे की चौकोनी हेही बघा. 1917 पासूनच्या 'रेग्युलेशन पोलीस' मॉडेलमध्ये तर गंमत आहे: लोखंडी सांगाडा गोल, त्याच्या पाठीला एक पायरी कापलेली, आणि लाकूड खाली-मागे वाढवून दस्ता चौकोनी केलेला. तिला साधी गोल मूठ लावली की ती पायरी उघडी पडते आणि तळहाताला टोचते. कानपूरच्या आयुध निर्माणीचं .32 हे वेब्लीच्या घराण्यातलं, म्हणून त्याची मूठ जुन्या वेब्लीला चालेल असं दुकानदार छातीठोक सांगेल. लावून दाखव म्हणावं.

जुन्या पट्ट्या, म्हणजे मुठीचे दोन बाजूंचे दोन तुकडे, काढताना घाई नको. स्क्रूच्या खाचेत घट्ट, पूर्ण रुंदीने बसेल असा स्क्रू ड्रायव्हर घ्या. घरातला पाचरीसारखा निमुळता ड्रायव्हर खाचेच्या कडा खातो, आणि शंभर वर्षांपूर्वीचा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. स्क्रू पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करा आणि ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने त्याच्या डोक्यावर हलकेच टकटक करा. पलीकडची पट्टी आपोआप उचलली जाते. कडेत सुरीचं टोक घालून उचकटायला गेलात तर पट्टी जागेवर धरणाऱ्या तळाच्या पिनेपाशी तडा गेलाच म्हणून समजा. पट्टी निघाली की उजवीची आतली बाजू टॉर्चखाली धरा. जुन्या स्मिथच्या लाकडावर तिथे पेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला नंबर असू शकतो. तो हत्याराच्या नंबराशी जुळला तर ती पट्टी जपायची वस्तू आहे. तिला तासायचं नाही, पॉलिश करायचं नाही, कुणाला "मापाला" म्हणून द्यायचंही नाही.

इथे एक सरळ प्रश्न स्वतःला विचारा: मूठ बदलायची कशाला? तडा एवढंच कारण असेल तर आतून इपॉक्सी भरून जुनीच वाचवता येते, आणि माझं मत विचाराल तर तेच करा. हातात नीट बसत नाही हे कारण असेल तर नेमकं काय खुपतं ते शोधा. जुन्या मुठी बारीक असतात, चापाच्या कडीमागे पोकळी राहते आणि कडी मधल्या बोटाच्या पेरावर आदळते. त्यावर 'टायलर टी-ग्रिप' नावाचा धातूचा छोटा तुकडा निघाला होता. तो फक्त ती पोकळी भरतो, मूळ पट्ट्या जागेवरच राहतात. हात लहान असेल तर जाड मूठ घेऊच नका. नळी हाताच्या रेषेत ठेवून तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकलं पाहिजे, त्यासाठी मनगट फिरवावं लागलं तर मूठ चुकली.

साहित्याचा विचार मात्र निवांत करा. मूळची काळी, नक्षीदार पट्टी बहुधा कठीण रबराची असते. ती उन्हाने तपकिरी पडते आणि ठिसूळ होते. गरम पाण्याने धुऊ नका. नवी करायची तर लाकडात अक्रोड पहिला: दाणा बारीक, वजनाला बेताचा, आणि त्यावर चौकड्यांची जाळी स्वच्छ उठते. शिसवी दिसायला देखणी आणि टणक, पण बारीक जाळी कोरताना टोकं उडतात, म्हणून ती गुळगुळीतच ठेवावी. सागवान आपल्या सुताराच्या हातचं, पण त्याचे रेषे मोकळे, जाळीला नालायक. रबरी आधुनिक मूठ रेंजवर हाताला सुखाची असते, पण तिच्याखाली घाम आणि दमट हवा कोंडते. जुन्या ब्लूइंगवर (लोखंडावरच्या निळसर-काळ्या थरावर) ती महिनोन् महिने चढवून ठेवणं मला पटत नाही. म्हशीच्या शिंगाची पट्टी सुंदर दिसते, पण वाकते आणि तिला कीड लागते. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचं नावही काढू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली त्यांचा व्यापार बंद आहे, मग चोर बाजारातला माणूस "आजोबांच्या काळातलं आहे साहेब" म्हणो की आणखी काही. हस्तिदंतासारखं दिसणारं जुनं सेल्युलॉइड वेगळ्याच तऱ्हेने दगा देतं. ते कुजू लागलं की त्यातून आम्ल सुटतं आणि खालचं लोखंड खातं.

परदेशी संकेतस्थळावरून मागवायचा मोह होतो. कायद्यातल्या 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात हे ध्यानात ठेवा, आणि परवाना शाखेला विचारल्याशिवाय पार्सल मागवू नका. कस्टममध्ये अडकलेलं पार्सल सोडवण्यापेक्षा इथे करून घेणं स्वस्त पडतं.

करून घ्यायचं तर कागद हवा. ट्रेसिंग पेपर सांगाड्यावर ठेवून पेन्सिलीने कड उमटवा, स्क्रूचं भोक आणि तळाची पिन खूण करून ठेवा, जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. सुताराकडे जायचा तो हा कागद, रिव्हॉल्व्हर नव्हे. सुताराला सांगा, कड चारी बाजूंनी कागदापेक्षा किंचित मोठीच ठेव. शेवटचं बसवणं दुरुस्तीचा परवाना असलेल्या आर्मररकडेच (हत्यारांच्या कारागिराकडेच). नेताना हत्यार रिकामं, पेटीत, आणि मूळ परवाना खिशात. आर्मररला कामाआधीच एक गोष्ट बजावून सांगा: झिजवायचं ते लाकूड, सांगाड्याला कानस लावायची नाही. पिन मध्ये येते म्हणून ती उडवून टाकणारे कारागीर आहेत, आणि त्या पिनेबरोबर हत्याराची किंमतही जाते.

बसवताना जुनी युक्ती वापरतात. सांगाड्याच्या कडेला दिव्याची काजळी पुसट फासायची, पट्टी दाबायची, आणि लाकडावर जिथे काळं उमटेल तिथेच कानस फिरवायची. बसली की नख कडेवरून फिरवा, अडकता कामा नये. स्क्रू दोन बोटांच्या जोराने आवळला की पुरे. पट्टी स्क्रूने ओढून बसवावी लागत असेल तर ती बसलेलीच नाही. मग रिकाम्या हत्याराचा घोडा हळू मागे घ्या, अंगठ्याने धरून हळूच सोडा, आणि पट्टी काढून आत बघा. मुख्य स्प्रिंगने लाकडावर चकचकीत ओरखडा काढला असेल तर तेवढी जागा आतून खोल करायला सांगा.

हे सगळं पावसाळ्यात करू नका. जुलैत फुगलेलं लाकूड जानेवारीत आकसतं आणि कडेला फट दिसते. लाकूड आधी काही आठवडे तुमच्याच घरात पडू द्या, आणि शेवटचं बसवणं दिवाळीनंतर. आतली बाजूही चपड्याने (लाखेच्या पॉलिशने) बंद करा, बाहेरून कितीही चकाकी आणली तरी ओल आतूनच शिरते. सांगाड्यावर तेल नको, ते लाकडात मुरतं. मेणाचा पातळ हात द्या. चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नका. दर पावसाळ्यात एकदा पट्ट्या उघडून बघा, आणि निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावं लागलं तर परत आल्या दिवशीच बघा. जमा करताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, म्हणजे आलेली मूठ आपलीच आहे की नाही यावर वाद नको. मूळ पट्ट्या आणि मूळ स्क्रू कागदी पाकिटात ठेवा, त्यावर नंबर लिहा, आणि ते पाकीट परवान्याच्या फायलीतच लावून टाका.