छोट्या सॉल्टवॉटर टँकसाठी मासे निवडताय? या चुका टाळा

छोटा टँक म्हणजे मी इथे साधारण ६० ते १०० लिटरचा धरतोय. त्यात रॉक आणि वाळू गेली की खरं पाणी त्याहून बरंच कमी उरतं, आणि पाणी कमी म्हणजे अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) चढायला किंवा क्षार वरखाली व्हायला वेळच लागत नाही. म्हणून अशा टँकमध्ये मासा चुकला तर सावरायला फारशी जागा नसते, आणि चूक आपण करतो पण भोगतो तो मासा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुकानात दिसतोय त्या साइजवर मासा घेणं. ब्लू टँगचं बोटाएवढं पिल्लू फार गोड दिसतं, पण तो पुढे ३० सेंमीपर्यंत जातो आणि दिवसभर लांब लांब पोहणारा मासा आहे, ४०० लिटरच्या खाली तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "मासा टँकच्या हिशोबाने वाढतो" हे जे सांगतात ना, ते खरं नाही. जागा कमी पडली की तो ताणाखाली राहतो, तब्येत ढासळते, टँग लोकांना तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन धरतो. "मोठा झाला की देऊन टाकू" असंही ठरवू नका, कारण तेव्हा घ्यायला कोणी तयार नसतं. घेण्याआधी फक्त एवढं विचारा की पूर्ण वाढल्यावर केवढा होतो.

पण लहान मासा म्हणजे चालेल असंही नाही. मँडरिन बघा, जेमतेम ७-८ सेंमीचा, शांत, रंग तर असे की नजर हटत नाही, पण हा दिवसभर रॉकवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक जिवंत किडे, टिपून खातो आणि छोट्या नव्या टँकमधले कोपेपॉड तो बघता बघता संपवतो, मग पेलेट टाका नाहीतर फ्रोजन टाका बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत आणि हळूहळू उपाशी मरतात. पोट आत गेलेलं, पाठीजवळचं मांस बसलेलं दिसलं की समजा उपासमार चालू आहे. फ्रोजन खायला शिकवलेले, टँकमध्येच जन्मलेले मँडरिन मिळतात, पण तेही स्वतःच्या डोळ्यांनी खाताना बघितल्याशिवाय घेऊ नका. खरं तर हा नियम सगळ्याच माशांना लावा, दुकानदाराला म्हणा खायला टाकून दाखवा. खात नसेल, श्वास भरभर चालू असेल, पंख मिटून कोपऱ्यात बसला असेल तर कितीही आवडला तरी सोडून द्या.

डॅमसेलचं वेगळंच आहे. स्वस्त आणि कणखर म्हणून नवीन माणसाला पहिला हाच मासा देतात, तोही टँक सायकल करायला, म्हणजे अमोनिया आणि त्यापासून होणारा नायट्राइट पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार व्हायला! सायकलसाठी जिवंत माशाची गरजच नाही, बाटलीतला अमोनिया किंवा थोडं माशांचं खाणं टाकून होते, साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही टेस्टमध्ये शून्य आल्याशिवाय एकही मासा टाकायचा नाही. त्यात डोमिनो किंवा तीन पट्ट्यांचा डॅमसेल एकदा टँकमध्ये बसला की तो टँक त्याचा, नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो, आणि त्याला पकडायचं तर सगळे रॉक बाहेर काढावे लागतात.

मग घ्यायचं काय? ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी छोट्या टँकला खरंच शोभते. फक्त दोन मोठे सारख्या साइजचे घेऊ नका, दोन्ही माद्या निघाल्या तर मरेपर्यंत भांडतील. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा मादी होतो, त्यामुळे दोन लहान घ्या, एक थोडा मोठा एक थोडा छोटा, बाकी ते आपसात ठरवतात. तिसरा घेऊ नका, त्याला बहुतेक वेळा मार खावा लागतो. मरून क्लाउन तर छोट्या टँकमध्ये नकोच, मादी मोठी आणि फार भांडखोर होते. आणि ॲनिमोनी (क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री प्राणी) हवीच असं काही नाही, उलट तिला जोरदार लाइट आणि मुरलेला टँक लागतो, नव्या टँकमध्ये ती मेली की पाणीही खराब करते.

तळाला यलो वॉचमन गोबी हा मासा आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी ठेवून बघा, माझी सगळ्यात आवडती जोडी! श्रिंप बीळ खणत राहतो, त्याला नीट दिसत नाही म्हणून एक मिशी सतत गोबीला लावून ठेवतो आणि गोबी दारात पहारा देतो, धोका दिसला की तो शेपटी हलवतो की दोघंही आत. यांच्यासाठी वाळू थोडी जाड थराची ठेवा आणि रॉक वाळूवर नाही, थेट तळाच्या काचेवर टेकवा, नाहीतर खणता खणता रॉक अंगावर कोसळतो.

रॉयल ग्रामा पण छान, पण त्याच्यासारखाच दिसणारा रॉयल डॉटीबॅक हातात पडू देऊ नका, तो जाम मारकुटा. ग्रामामध्ये जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि पाठीच्या पंखावर काळा ठिपका असतो, डॉटीबॅकमध्ये दोन रंग सरळ रेघ मारल्यासारखे वेगळे दिसतात.

एवढ्या पाण्यात तीन-चार लहान मासे म्हणजे भरपूर झाले. एकदम आणू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि लाजाळू आधी, दादागिरी करणारा शेवटी. फायरफिश असेल तर तो लवकर टाका, आणि वर जाळीचं झाकण पाहिजेच, घाबरला की हा सरळ बाहेर उडी मारतो.

आता घेतलाय आणि त्रास चालू झालाय त्यांच्यासाठी. नवीन मासा दोन-चार दिवस लपून बसतो, त्यात घाबरायचं नाही. वर येऊन धापा टाकत असेल तर लगेच अमोनिया तपासा, थोडं पाणी बदला, पाण्याचा वरचा थर हलता ठेवा. एक मासा दुसऱ्याला मारत असेल तर मारणाऱ्याला भोकं असलेल्या डब्यात टँकमध्येच काही दिवस ठेवा आणि रॉकची मांडणी बदला, जागेची मालकी मोडते. तरी नाही थांबला तर परत द्या. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर कॉपरचं औषध मेन टँकमध्ये अजिबात ओतू नका, श्रिंप आणि कोरल मरतील. सगळे मासे वेगळ्या टँकमध्ये काढून तिथे उपचार करा आणि मेन टँक साधारण अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवा. हे सगळं टळावं म्हणून नवा मासा आधी चार आठवडे वेगळा ठेवलेला बरा.

बांगाई कार्डिनल बघत असाल तर टँकमध्ये जन्मलेलाच मागा. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांपुरताच आहे आणि पकडून पकडून तिथे तो धोक्यात आलाय. नर-मादी नुसतं बघून ओळखू येत नाहीत आणि दोन नर छोट्या टँकमध्ये एकमेकांना टिकू देत नाहीत, त्यामुळे जमलेली जोडी मिळाली तर ठीक, नाहीतर एकटाच घ्या.