नेटवर्कचा आयसी विकत घेण्याआधी

नेटवर्क गेलेला फोन आला की लगेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीए आयसीचा (पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचेल इतका मोठा करणारी चिप) भाव विचारायचा, या सवयीत पैसे आणि बोर्ड दोन्ही जातात. नवा पीए टाकूनही नेटवर्क येत नाही, तेव्हा बऱ्याचदा जुना पीए चांगलाच असतो. म्हणून खरेदी ही शेवटची पायरी.

आधी *#०६# दाबा. आयएमईआय दिसत नसेल किंवा सेटिंगमध्ये बेसबँड (मोडेमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) ‘अननोन’ असेल तर पीएकडे वळूच नका. दोष मोडेमच्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या मुख्य भागाच्या) सप्लायमध्ये, मेमरीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयएमईआय ठीक असेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतंय आणि हँडसेट ब्लॉक झालेला नाही हे बघून सेटिंगमधून नेटवर्क मॅन्युअल सर्च करा. कंपन्यांची नावं यादीत आली म्हणजे फोनला टॉवर ऐकू येतोय. नाव निवडूनही नोंदणी होत नसेल तर फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही, म्हणजे संशय पीएवर किंवा त्याच्या सप्लायवर. यादीच येत नसेल तर अँटेना, स्विच (अँटेना योग्य मार्गाला जोडणारा), आरएफ आयसी (मोडेम आणि रेडिओ सिग्नल यांच्यामधली चिप) या क्रमाने जा.

फोल्डर (डिस्प्ले) किंवा चार्जिंग पट्टी बदलल्यावर नेटवर्क गेलं असेल तर आधी अँटेना वायर बघा. ती दोन्हीकडून सोडवा. मधल्या तारेच्या दोन टोकांत मीटरचा बीप आला पाहिजे. मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात येता कामा नये. मदरबोर्डावरच्या टेस्ट कनेक्टरमधली बारीक पत्ती वाकली तरी मार्ग तुटतो, आणि ती भिंगाशिवाय दिसत नाही.

कोणता बँड गेला?

बँड म्हणजे नेटवर्कचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा. इथे घाई करू नका, कारण कोणता पार्ट घ्यायचा हे इथेच ठरतं. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. एअरटेलकडे ९००, १८००, २१०० आणि २३०० आहेत, तर व्हीआयकडे ९००, १८००, २१०० आणि २५००. मीडियाटेकच्या फोनमध्ये *#*#३६४६६३३#*#* ने इंजिनिअर मोड उघडत असेल तर ‘बँड मोड’मध्ये एकेक बँड सुटा तपासा. फक्त ८५० गेला आणि ९०० चालू असेल तर पीए नव्हे, ८५०चा डुप्लेक्सर (त्या बँडचा जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा करणारा फिल्टर) बघा. दोन्ही गेले तर पीएची लो-बँड (कमी फ्रिक्वेन्सीची) बाजू. फक्त २३०० गेला तर बऱ्याच बोर्डांवर त्याचा हाय-बँड पीए वेगळा असतो. सगळेच बँड गेले असतील तर एकट्या पीएला दोष देण्याआधी त्याचा बॅटरी सप्लाय, १.८ व्होल्टची व्हीआयओ लाइन आणि मोडेमचे हुकूम आणणाऱ्या क्लॉक-डेटाच्या दोन लाइनी मोजा. जिओला २जी नाही, त्यामुळे फक्त जिओ सिमवर तपासलं तर २जीची बाजू मेलेली लक्षातच येत नाही.

पॉवर बटण दाबण्याआधीच डीसी सप्लायवर करंट खेचला जात असेल तर मीटरच्या डायोड मोडवर लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा पीएच्या बॅटरी लाइनवर लावा, आणि रीडिंग त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाशी ताडून बघा. शून्याजवळ आलं तर लाइन शॉर्ट आहे. पीए काढल्यावर शॉर्ट गेला आणि फोन नेटवर्कशिवाय चालू झाला, की खरेदीचं कारण पक्कं झालं.

दुकानात

चिपवरचा पूर्ण नंबर लिहून न्या, डॅशनंतरच्या आकड्यांसकट. एसकेवायने सुरू होणारे नंबर स्कायवर्क्सचे, एएफईएम ब्रॉडकॉमचे, क्यूएम क्वॉर्व्होचे. क्वॉर्व्हो २०१५ मध्ये आरएफ मायक्रो डिव्हायसेस आणि ट्रायक्विंट एकत्र होऊन झाली, म्हणून जुन्या बोर्डांवर तिचे पार्ट आरएफ या अक्षरांनी सुरू होतात. व्हीसीने सुरू होणारे व्हॅनचिपचे. डब्ल्यूटीआर किंवा एसडीआर दिसलं तर तो पीए नाही, क्वालकॉमचा आरएफ आयसी आहे.

मीडियाटेकच्या ठरलेल्या पिन-रचनेमुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे पीए एकाच जागेवर बसतात. ‘हाच चालतो, बिनधास्त टाका’ हे वाक्य तिथून येतं. बसतो म्हणजे चालतो असं नाही. मोडेम पीएला डेटा लाइनवरून हुकूम देतो आणि ते हुकूम फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक पार्टसाठीच लिहिलेले असतात. चुकीचा पार्ट एक तर गप्प बसतो, नाहीतर काही बँड चालवतो आणि काही नाही. अचूक नंबर मिळत नसेल तर त्याच मॉडेलच्या बोर्डावरचा काढीव पीए ‘जवळपासच्या’ नव्यापेक्षा केव्हाही बरा.

नवा म्हणून दिलेला पीस भिंगाखाली उलटा करा. पीएला सहसा बॉल नसतात, सपाट पॅड असतात. पॅडवर कथलाचे उंचवटे, कडेला फ्लक्सचा पिवळटपणा दिसला तर तो काढीव. वरचा भाग ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा. काळा थर निघाला तर नंबर पुन्हा छापलेला आहे. एकाच पॅकिंगच्या पट्टीतल्या पिसांवर वेगवेगळे लॉट कोड असतील तर माल मिसळलेला आहे. सोल्डर लागलेला पीस परत घेतला जात नाही, म्हणून ही तपासणी काउंटरवरच.

बसवताना

असे पार्ट सहसा ओलाव्याच्या लेव्हल ३ चे असतात: पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडा पडलेला पीस याहून लवकर ओलावा धरतो. मग गरम हवेत आतली वाफ थर फोडते, चिप वरून फुगते आणि बसण्याआधीच मरते. सुटा पीस प्लॅस्टिकच्या पट्टीतून काढून धातूच्या ताटलीत १२५ अंशांवर काही तास भाजून घ्या.

खालचा मधला मोठा पॅड ग्राउंडचा आहे आणि पीएची उष्णताही तिथूनच बोर्डात उतरते. तिथे कथील जास्त झालं तर चिप उचलली जाते आणि कडेचे पॅड टेकत नाहीत. कमी झालं तर पीए तापतो आणि कॉल तुटतो. जुनं कथील विकने (कथील शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) पूर्ण उचलून पातळ, एकसारखा थर द्या. बोर्ड खालून गरम ठेवा, म्हणजे वरून हवा थोडाच वेळ लागते.

शील्ड (चिपवरचं पत्र्याचं झाकण) लावण्याआधी पाच मिनिटांचा कॉल करून पीए किती तापतो बघा, आणि आधी गेलेला प्रत्येक बँड पुन्हा तपासा. आरएफ आयसी बदलणार असाल तर एनव्ही डेटाचा (मेमरीतल्या आयएमईआय आणि कॅलिब्रेशनच्या नोंदींचा) बॅकअप आधीच घ्या. कारखान्यातलं कॅलिब्रेशन जुन्या चिपचं असतं, त्यामुळे लांबच्या टॉवरवर सिग्नल आधीपेक्षा कमी पडू शकतो. हे गिऱ्हाइकाला काम हातात घेतानाच सांगा.